जुन्या गाडीची परीक्षा आणि आप्तवचनाचा प्रश्न

वापरलेली मोटारगाडी विकत घेणे हा व्यवहार पैशाचा आणि यंत्राचा मानला जातो; परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न भारतीय दर्शनांनी शतकानुशतके चर्चिलेला ज्ञानाचा आणि धर्माचा प्रश्न आहे. जी गोष्ट स्वतःला पाहता येत नाही तिच्याविषयी दुसऱ्याच्या शब्दावर विसंबणे केव्हा योग्य ठरते, आणि ज्याला ती गोष्ट ठाऊक आहे त्याच्यावर ती सांगण्याचे बंधन कुठपर्यंत असते, हे या प्रश्नाचे दोन भाग होत. नव्या गाडीच्या खरेदीत ते फारसे जाणवत नाहीत, कारण तिथे निर्मात्याची हमी असते आणि एकाच साच्याच्या हजारो गाड्यांपैकी कोणतीही घेतली तरी फरक पडत नाही. जुनी गाडी मात्र प्रत्येक वेगळी असते. तिच्यामागे काही वर्षांचा इतिहास असतो, तो लोखंडात, रबरात आणि तेलात मुरलेला असतो, आणि तो ज्याने घडवला तो माणूस खरेदीच्या वेळी समोर उभा असूनही बहुधा त्यातले निवडक तेवढेच सांगत असतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो तो सात-आठ माणसे आणि त्यांचे सामान वाहील, खराब रस्त्यावर टिकेल आणि तरीही घराला कर्जात लोटणार नाही अशी गाडी शोधणाऱ्या कुटुंबाच्या बाबतीत. युरोपात ही गरज इस्टेट प्रकारची, म्हणजे छप्पर थेट मागच्या दारापर्यंत लांबवलेली गाडी भागवत आली आहे; टेल्कोने १९९२ मध्ये पुण्याहून टाटा इस्टेट आणून तो प्रयोग इथेही केला, पण तो रुजला नाही, आणि ती जागा उंच, शिडीसारख्या चासीवर बांधलेल्या दणकट गाड्यांनी घेतली. २००० साली आलेली महिंद्रची बोलेरो, २००२ ची स्कॉर्पिओ आणि २००५ ची टोयोटा इनोव्हा ही त्यांतली सर्वपरिचित नावे. या गाड्या दीर्घायुषी असल्यामुळेच त्या तीन-तीन, चार-चार हातांतून फिरतात, आणि प्रत्येक हातबदलाबरोबर त्यांच्याविषयीचे खरे ज्ञान थोडे थोडे गळत जाते.

न्यायदर्शनात अनुमानाचे नेहमी दिले जाणारे उदाहरण धुराचे आहे : डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी असला पाहिजे. डिझेल गाडीच्या परीक्षेत हे उदाहरण अगदी शब्दशः कामाला येते. रात्रभर बंद राहिलेले इंजिन सकाळी चालू केल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर येतच राहिला, तर इंजिन ऑइल जळत आहे असे समजावे. दाट काळा धूर हवा कमी आणि इंधन जास्त पडत असल्याचे सांगतो. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही, तर कूलंट आत झिरपत असल्याची किंवा डिझेल पुरते जळत नसल्याची शंका घ्यावी लागते. चालू इंजिनावरचे ऑइलचे झाकण उघडताच तिथून भकभक धूर बाहेर पडू लागला, तर पिस्टनच्या रिंगा झिजून वायू खाली उतरत आहेत, हे गॅरेजमधला कोणताही फिटर ओळखतो आणि त्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतो. ज्या खुणेवरून न दिसणाऱ्या गोष्टीचे ज्ञान होते तिला नैयायिक ‘हेतू’ म्हणतात. आता, गिऱ्हाईक येण्याच्या अर्धा तास आधी जो विक्रेता इंजिन चालू ठेवून गरम करून ठेवतो, तो तोंडाने खोटे काहीच बोललेला नसतो. त्याने फक्त हेतू पुसून टाकलेला असतो. म्हणून जाणता मेकॅनिक किल्ली फिरवण्यापूर्वी बॉनेट उघडून इंजिनाजवळ तळहात नेतो आणि ते थंडगार आहे याची खात्री करून घेतो. अनुमानाच्या आधी हेतूची शुद्धता पाहणे हे न्यायशास्त्राने सांगितलेले पथ्य तो त्या शास्त्राचे नावही न घेता पाळत असतो.

जुन्या गाड्यांच्या बाजारात कानावर पडणारी विधाने याच कसोटीवर घासून पाहिली पाहिजेत. गाडी ‘सिंगल ओनर’ आहे, म्हणून नीट ठेवलेली आहे. साठच हजार किलोमीटर फिरली आहे, म्हणून इंजिन ठणठणीत आहे. किंमत कमी आहे, म्हणून नक्कीच काही खोट आहे, ही सारी अनुमानेच आहेत, पण त्यांतले हेतू ‘सव्यभिचार’ आहेत, म्हणजे जे सिद्ध करायचे ते जिथे नाही तिथेही ते आढळतात. एकाच मालकाने गाडीची वाताहत केल्याची उदाहरणे थोडी नाहीत. कमी फिरण्यावरून इंजिनाच्या तब्येतीचा निष्कर्ष काढताना न्यायशास्त्रात ज्याला ‘उपाधी’ म्हणतात, म्हणजे संबंध ज्याच्यावर खरोखर अवलंबून असतो अशी लपलेली अट, ती विसरली जाते. जिथे अग्नी तिथे धूर हे सरसकट खरे नाही, सरपण ओले असले तरच खरे. त्याचप्रमाणे कमी अंतर म्हणजे चांगले इंजिन हेही सरसकट खरे नाही, गाडी नियमित चालवली गेली आणि ऑइल वेळच्या वेळी बदलले गेले तरच खरे. तीन पावसाळे झाडाखाली उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर कडक होऊन भेगाळतात, रबरी नळ्या वाळतात, इंधनाच्या टाकीत गंज धरतो. उलट महामार्गावर दोन लाख किलोमीटर एकसारखी धावलेली आणि सर्व्हिसच्या नोंदी पूर्ण असलेली इनोव्हा कितीतरी अधिक भरवशाची असू शकते. स्वस्ताईलाही निर्दोष कारण असू शकते : राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरातल्या दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातल्यानंतर तिथल्या अनेक धडधाकट गाड्या उतरल्या भावात इतर राज्यांत आल्या, त्या मोडक्या होत्या म्हणून नव्हे.

या सर्वांहून अधिक विचार करायला लावणारा भाग अभावाच्या ज्ञानाचा आहे. खरेदीदाराला शेवटी जाणून घ्यायचे असते ते हेच की गाडीत दोष नाही. पण नसलेली गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा तिचे नसणे कळते कसे? भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती यांनी यासाठी ‘अनुपलब्धी’ नावाचे स्वतंत्र प्रमाण मानले, म्हणजे एखादी वस्तू न आढळणे हेच तिच्या अभावाच्या ज्ञानाचे साधन मानले. परंतु त्यांनी त्याला एक कडक अट घातली, आणि ती अट हेच या सिद्धान्ताचे सारे बळ आहे : न आढळणे ‘योग्य’ असले पाहिजे, म्हणजे ती वस्तू तिथे असती तर दिसलीच असती अशी परिस्थिती असली पाहिजे. उजेडाच्या खोलीत घडा दिसला नाही तर घडा नाही असे म्हणता येते. अंधाऱ्या खोलीत तसे म्हणता येत नाही. पापपुण्यासारख्या गोष्टी मुळातच इंद्रियांना दिसण्याजोग्या नसल्यामुळे त्या दिसत नाहीत एवढ्यावरून त्या नाहीत असेही ठरत नाही.

हा भेद गाडीपाशी उभे राहून पाहिला की त्याची धार कळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्या दिवशी मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला तेच झाले. अशा गाडीचे सीट कव्हर बदलून, आतून धुऊन, अत्तर मारून ती उभी केली तर सामान्य माणसाला पुराची खूण कुठेच दिसत नाही, आणि तो समाधानाने म्हणतो की काही दोष नाही. पण त्याचे हे न दिसणे अंधाऱ्या खोलीतले आहे. सीट बेल्ट त्याच्या खोबणीतून अगदी शेवटपर्यंत ओढून काढला, तर आतल्या, एरवी कधीच बाहेर न येणाऱ्या वीतभर पट्ट्यावर पाणी जिथवर चढले तिथे गढूळ रेघ उमटलेली आढळते. सीट ज्या रुळांवर सरकते त्यांच्या बोल्टांना गंज असतो, मॅटखालचा नमदा उचलला की वाळलेला बारीक गाळ बोटांना लागतो. हे सर्व तपासूनही काही आढळले नाही, तर ते न आढळणे योग्य ठरते आणि त्यावरून अभावाचे ज्ञान होते. लांबी भरून आणि रंग मारून झाकलेल्या अपघाताचेही तसेच आहे : दरवाजाच्या कडेचे रबर ओढून आतला कारखान्यातला वेल्ड पाहिला नाही, गाडी रॅम्पवर चढवून चासीचा सरळपणा पाहिला नाही, तर ‘अपघात दिसला नाही’ या वाक्याला काहीही अर्थ उरत नाही. दोष दिसला नाही आणि दोष नाही या दोन वाक्यांमधले अंतर परीक्षेने भरून काढावे लागते, आणि ते भरून काढण्याची खरेदीदाराची जबाबदारी कोणत्याही धर्मविचाराने माफ केलेली नाही.

तरीही परीक्षेला सीमा आहे. क्लच प्लेट आणखी किती महिने टिकेल, गेल्या उन्हाळ्यात घाटात इंजिन किती वेळा तापले होते, ठरलेल्या अंतराला बदलायचा टायमिंग बेल्ट खरोखर बदलला होता की फक्त बिल तयार झाले होते, हे इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय कळत नाही, आणि विकत घेण्यापूर्वी इंजिन उघडू देणारा विक्रेता कुठेही नसतो. इथे प्रत्यक्ष थांबते, अनुमान थांबते, अनुपलब्धीची योग्यता संपते, आणि उरते ते शब्दप्रमाण, म्हणजे ज्याला ठाऊक आहे त्याचे सांगणे. न्यायसूत्रांनी शब्दप्रमाणाची व्याख्या आप्ताचा उपदेश अशी केली, आणि त्यावरच्या भाष्यात वात्स्यायनाने आप्त कोणाला म्हणावे हे सांगितले : ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी दुसऱ्याला कळवण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असेही तो स्पष्ट म्हणतो. भारतीय विचारातल्या अत्यंत उदार विधानांपैकी हे एक आहे, कारण त्यात विश्वासार्हता जातीवर, पदवीवर किंवा आदरणीयतेवर ठेवलेली नाही, ती केवळ जाणणे आणि प्रामाणिकपणे सांगण्याची इच्छा या दोनच गोष्टींवर ठेवली आहे. या कसोटीने गाडीच्या बाबतीत शहरातल्या वातानुकूलित दालनातला विक्री प्रतिनिधी आप्त ठरेलच असे नाही, आणि ती गाडी सहा वर्षे चालवलेला, आता दुसरीकडे नोकरीला लागलेला ड्रायव्हर किंवा तिचे ऑइल नेहमी बदलणारा तालुक्याच्या गावचा मिस्त्री सहज ठरू शकतो. विक्रेत्याची अडचण अशी की आप्ताची पहिली अट तो इतर कोणाहीपेक्षा पूर्ण करतो आणि दुसऱ्या अटीपाशी त्याचा स्वार्थ आडवा येतो.

मग शब्दावर विश्वास ठेवायचाच नाही काय? ही टोकाची भूमिका घेतली तर गाडी कधीच विकत घेता येणार नाही, आणि दर्शनांनी या पेचाचाही विचार केला आहे. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. त्याला खोटे पाडणारे दुसरे ज्ञान समोर येईपर्यंत किंवा ते ज्या साधनातून आले त्यात दोष सापडेपर्यंत ते खरे मानावे. नैयायिकांच्या मते ज्ञानाचा खरेपणा बाहेरून, त्यावर विसंबून केलेली कृती सफल झाली यावरून कळतो. मीमांसकांचा यावर आक्षेप असा की प्रत्येक ज्ञानाची खात्री दुसऱ्या ज्ञानाने आणि त्याची तिसऱ्याने करू लागले तर ‘अनवस्था’, म्हणजे कधीच न थांबणारी मालिका निर्माण होते; कुमारिलभट्टाने म्हणूनच सांगितले की तीन-चार ज्ञानांच्या पलीकडे जाण्याची गरज पडत नाही. गाडी एका मेकॅनिकला दाखवली, त्याला शंका आली म्हणून दुसऱ्याला दाखवली, त्याने निर्वाळा दिला, तर तिथे थांबणे हे भोळेपण नव्हे. नैयायिकांच्या मतात खरेदीदारापुढची खरी अडचण वेगळी आहे : सफलता कळते ती पैसे दिल्यानंतर. त्यावर त्यांनी दिलेले उत्तर व्यवहाराला धरून आहे. पूर्वी सफल ठरलेल्या ज्ञानांच्या जातीचेच हे ज्ञान आहे, या साम्यावरून कृतीपूर्वीही खरेपणाचे अनुमान करता येते. बोलेरोचे मागचे पाटे, साधी बांधणी आणि खेड्यापाड्यांतही मिळणारे सुटे भाग यांबद्दल हजारो मालकांचा जो अनुभव साठला आहे तो याच जातीचा आधार होय. त्यामुळे अनोळखी, दुर्मीळ आणि भारी गाडी स्वस्तात मिळत असली तरी तिच्याऐवजी परिचित आणि साधी गाडी घेणे ज्ञानाच्या दृष्टीनेही अधिक समर्थनीय ठरते.

धर्मशास्त्रकारांनी या विषयाला व्यवहाराच्या, म्हणजे न्यायालयीन वादांच्या अठरा पदांत स्थान दिले आणि त्याला क्रयविक्रयानुशय, म्हणजे विकत घेतल्यावर किंवा विकल्यावर होणारा पश्चात्ताप, असे नाव दिले. याज्ञवल्क्यस्मृतीत परीक्षेच्या मुदती वस्तूगणिक वेगळ्या आहेत : बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नाला सात, दुभत्या जनावराला तीन. त्याच यादीत दासदासींनाही मुदत दिलेली आहे, आणि माणसाला विक्रीची वस्तू मानणारा तो भाग कोणत्याही समर्थनाला पात्र नाही. परंतु मुदती ठरवण्यामागची दृष्टी मोलाची आहे, कारण दोष प्रकट व्हायला ज्या वस्तूला जितका वेळ लागतो तितका वेळ खरेदीदाराला दिला पाहिजे, हे तीत मान्य केलेले आहे. नारदस्मृतीत स्वतः पारखून आणि इतरांना दाखवून पसंत केलेली वस्तू परत करता येत नाही असे सांगितले आहे, तर मनुस्मृतीत एका मालात दुसरा मिसळून, निकृष्ट, मापात कमी किंवा झाकलेला माल विकण्यास मनाई आहे. परीक्षेचे कर्तव्य आणि न झाकण्याचे कर्तव्य ही दोन्ही तिथे शेजारी शेजारी नांदतात, एकाने दुसरे रद्द होत नाही. ओझ्याच्या बैलाला पाच दिवस देणाऱ्या परंपरेच्या प्रदेशात आज जुन्या गाडीला पुष्कळदा वस्तीतल्या सपाट रस्त्यावरची दहा मिनिटांची चक्कर मिळते, ही गोष्ट खटकण्यासारखी आहे.

विक्रेत्याने किती सांगावे याची सर्वांत नेमकी चर्चा सिसेरोने इसवी सनपूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागात आढळते. घरात दोष आहेत, ते फक्त मालकाला ठाऊक आहेत. त्याने ते सांगितले पाहिजेत का? बॅबिलोनचा डायोजिनीस आणि त्याचा शिष्य अँटिपेटर या दोन स्टोइक तत्त्वज्ञांची मते तो समोरासमोर ठेवतो. डायोजिनीसच्या मते कायदा सांगतो तेवढे दोष सांगावेत, बाकी खरेदीदाराने आपल्या डोळ्यांनी पाहावे, कारण न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे; अँटिपेटरच्या मते माणसे एकमेकांशी बांधलेली असल्यामुळे विक्रेत्याला जे ठाऊक आहे ते सर्व खरेदीदाराला कळले पाहिजे. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने कौल देतो. डायोजिनीसच्या भूमिकेत तथ्य नाही असे नाही, पण तिचा आवाका कळतो तो अनुपलब्धीच्या सिद्धान्ताजवळ नेल्यावर. ज्या दोषाबाबत खरेदीदाराचे पाहणे योग्य आहे, म्हणजे नीट पाहिले तर जो दिसेलच, उदाहरणार्थ झिजलेला टायर किंवा चरा पडलेला पत्रा, त्याबाबत विक्रेता गप्प राहिला तर त्याच्या मौनाला मौनच म्हणावे लागेल. पण जो दोष कितीही पाहिले तरी दिसणार नाही, त्याबाबत विक्रेत्याचा शब्द हेच एकमेव प्रमाण उरते, आणि एकमेव प्रमाण हाती असणाऱ्याने गप्प राहणे हे ‘दोष नाही’ असे सांगण्याइतकेच असते. खरेदीदाराच्या परीक्षेची योग्यता जिथे संपते तिथून विक्रेत्याचे बोलण्याचे कर्तव्य सुरू होते, आणि या रेषेच्या पलीकडे ‘गिऱ्हाईकाने बघून घ्यायला हवे होते’ हा बचाव नैतिकदृष्ट्या टिकत नाही.

मीटर पाडण्याचा, म्हणजे ओडोमीटरवरचे आकडे मागे फिरवण्याचा प्रकार मौनाच्याही पुढचा आहे. सामान्यतः त्याला खोटेपणा म्हटले जाते. जैन विचाराने त्याची जागा अधिक अचूक दाखवली आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या व्रतांना लागणारे अतिचार, म्हणजे व्रत पुरते न मोडता त्याला लागणारे डाग, सांगताना कमी-जास्त मापे वापरणे आणि अस्सल वस्तूच्या जागी तिच्यासारखी दिसणारी नकली वस्तू देणे हे दोष सत्यव्रताखाली घातलेले नाहीत. चोरीचा माल घेण्याच्या दोषाबरोबर ते अस्तेयाखाली, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताखाली घातलेले आहेत. हे वर्गीकरण खोल आहे. किलोमीटर हे जुन्या गाडीचे माप आहे, किंमत त्यावर ठरते, आणि एक लाख ऐंशी हजारांचे ऐंशी हजार करणाराने समोरच्याला केवळ चुकीची समजूत करून दिलेली नसते, त्याने एक लाख किलोमीटरचे पैसे त्याच्या खिशातून काढलेले असतात. ब्रेक पेडलचे गुळगुळीत झालेले रबर आणि स्टिअरिंगवरचा घासून चकाकलेला भाग हे मीटरच्या आकड्याला खोटे पाडणारे बाधक ज्ञान पुरवतात खरे, पण पाच-सहाशे रुपयांत ते रबरही बदलता येते.

अशा व्यवहारांची झळ फसलेल्या एका माणसापुरती राहत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० च्या आपल्या निबंधात जुन्या गाड्यांचेच उदाहरण घेऊन दाखवले : चांगली आणि वाईट गाडी ओळखता येत नसली की गिऱ्हाईक सरासरी भावच देऊ करते, त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, आणि बाजारात हळूहळू वाईटच गाड्या उरतात. २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना ज्या कामासाठी विभागून मिळाले त्यात हा निबंध प्रमुख होता. प्रामाणिक विक्रेत्याचा शब्दही निष्फळ करून टाकणे हे असत्याचे सर्वांत मोठे नुकसान होय. खरेदीदारही या दोषातून मुक्त नाही. भाव पाडण्यासाठी धडधाकट इंजिनाला नावे ठेवणे हेही अयथार्थ वचनच आहे, आणि गाडी घेऊन आरसीवर स्वतःचे नाव न चढवता फिरणे त्याहून गंभीर आहे, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयानुसार अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याच्यावरच येते, मग गाडी मधल्या काळात कितीही हातांत गेलेली असो.

यात सर्वांत अवघड जागा उरते ती ज्याला खरोखरच ठाऊक नाही अशा विक्रेत्याची. जुन्या गाड्यांचा व्यापारी गाडी घेतो, रंगवतो, पंधरवड्यात विकतो. तिच्या मागच्या नऊ वर्षांचे त्याला काही माहीत नसते, आणि ‘मला माहीत नाही’ हे त्याचे उत्तर खरे असते. वात्स्यायनाच्या व्याख्येतली पहिलीच अट तो पूर्ण करत नाही, म्हणून तो आप्त नाही. पण तेवढ्याने तो निर्दोष ठरतो का? जैन परंपरेत हिंसेच्या लक्षणात ‘प्रमत्तयोग’, म्हणजे बेसावधपणातून घडणारी कृती, हा घटक आहे, आणि असत्याच्या विचारातही तो गृहीत धरलेला आहे. या दृष्टीने न जाणणे आणि जाणून घेण्याचे टाळणे या दोन अवस्था वेगळ्या मानाव्या लागतात : ज्याच्या आवारात रॅम्प आहे, हाताखाली फिटर आहे आणि ज्याने विचारायचे ठरवले असते तर आधीच्या मालकाचा फोन नंबर एका मिनिटात मिळाला असता, त्याचे अज्ञान हे त्याने स्वतः राखून ठेवलेले असते. अशा व्यापाऱ्यालाही एक खरे वचन देता येण्याजोगे असते, आणि ते देण्यासाठी गाडीची संपूर्ण माहिती असण्याची गरज नाही. आपण काय तपासले, काय तपासले नाही आणि गाडी कोणाकडून आली, एवढे त्याला निश्चित ठाऊक असते. ते त्याने जसे आहे तसे सांगितले, तर तेवढ्या विषयापुरता तो आप्त होतो, आणि इंजिन खोलून पाहिलेले नाही हे कळलेला खरेदीदार इसार देण्याआधी ती गाडी आपल्या मिस्त्रीकडे नेऊ शकतो.